रविवारी पाहिलेलं घर

ह्यांची कंपनीनं तोक्योला बदली केली आणि आम्ही राहणार कुठे ते कळलं, तेव्हा सासूबाई चांगल्याच दचकल्या. "निशी-कसाई? अगं, असल्या नावाच्या गावात संसार मांडायचा?" मग ह्यांनी हसत हसत समजावलं, की जपानीत ‘निशी’ म्हणजे पश्चिम आणि ‘कासाई’ हे त्या भागाचं नाव. आपल्या कसायाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. सासूबाईंना ते पटलं असावं. पण कुलदेवीचा अंगारा आमच्या बॅगेत ठेवायला त्या विसरल्या नाहीत.

ही गोष्ट २०१७ च्या वसंतातली. सहा वर्षं तिकडे काढून आम्ही २०२३ मध्ये परत आलो. हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे माझ्या मामेबहिणीचा परवा आलेला फोन. तीही नवऱ्याबरोबर परदेशी निघाली आहे आणि माझ्यासारखीच तिथे थोडंफार शिकवणार आहे. तिनं विचारलं, "ताई, घर शहरात घेऊ की जरा लांब, शांत उपनगरात?" मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर मी एकदा अगदी बिनधास्तपणे दिलं होतं आणि त्याची किंमतही मोजली होती. तेव्हा तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमची लेक-बहीण, अशी निघाली असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा.

निशी-कासाई तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डात आहे. २००० सालाच्या सुमारास संगणक क्षेत्रातले भारतीय तिथे येऊ लागले, कारण तोझाई लाइनची गाडी तिथून थेट ओतेमाची, निहोनबाशीच्या कचेऱ्यांपर्यंत जाते. आज तोक्योच्या वॉर्डांमध्ये सर्वांत जास्त भारतीय एदोगावातच आहेत. आपल्या महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो. भारतीय शाळा आहेत. भिशी आहे, हळदीकुंकू आहे. थोडक्यात काय, पाय परदेशात आणि कान आपल्या माणसांत!

मग आम्ही तिथून निघालो कशाला? घर लहान, त्यात रुळांच्या जवळ. गाडी तिथे उंच पुलावरून जाते, तिचा आवाज मध्यरात्रीपर्यंत. आमची पाच वर्षांची लेक घरात धावली, की दुसऱ्या दिवशी दारात खालच्या मजल्यावरची चिठ्ठी. अतिशय नम्र भाषेत लिहिलेली, म्हणून तर जास्त झोंबणारी! शेवटी मी तिला घरात मोजेच घालून, चवड्यांवर चालायला शिकवलं. एक दिवस ती बागेतसुद्धा तशीच चालताना दिसली आणि माझा जीव कळवळला.

२०१८ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही याचियो हे गाव पाहायला गेलो. शेजारच्या चिबा प्रांतात, जरा उंचावर वसलेलं. तोझाई लाइनला जोडून निशी-फुनाबाशीपासून पुढे सोळा किलोमीटरची एक रेल्वे १९९६ मध्ये सुरू झाली, तिच्यावरचं हे गाव. दुपारची दोनची वेळ, गाडी रिकामी, उन्हात उमललेली उमेची फुलं, शेताच्या कडेला माणूस नसलेलं भाजीचं दुकान! भाजी घ्यायची आणि डब्यात शंभर येनचं नाणं टाकायचं. तिथे मला पाल्यासकट मुळा मिळाला. तोक्योच्या दुकानात मुळा मिळे, पण पाला कापून टाकलेला. मुळ्याच्या पाल्याची भाजी खाऊन वर्ष झालं होतं हो! मी तिथेच ह्यांना सांगून टाकलं, "इथेच राहायचं."

बघा, घर ठरलं ते मुळ्याच्या पाल्यावर!

काय मिळालं

खोटं कशाला बोलू, पुष्कळ मिळालं. जवळजवळ तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त. लेकीला धावायला अंगण. एप्रिलमध्ये ती तिथल्या सरकारी शाळेत पहिलीला लागली आणि चार घरांतल्या मुलांच्या रांगेतून चालत शाळेत जाऊ लागली. सहा महिन्यांत ती जपानी बोलायला लागली आणि दुकानात माझी दुभाषी झाली.

घर मिळवणं मात्र सोपं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपान सरकारच्या एका पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशी माणसांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी, परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. शिवाय खाजगी मालकाकडे ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत आणि वर ‘रेकिन’, म्हणजे मालकाचे आभार मानायचे पैसे, जे कधीच परत मिळत नाहीत. म्हणून आम्ही ‘यूआर’ या सार्वजनिक संस्थेच्या वसाहतीत घर घेतलं. तिथे रेकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही. फक्त अनामत आणि उत्पन्नाची अट. जुन्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते, म्हणून वरचे मजले स्वस्त पडतात. आम्ही चौथा मजला घेतला. गव्हाचं पीठ वर नेताना दम लागे, पण पैसे वाचत.

आणि काय गेलं

माझं शिकवणं निशी-कासाईच्या बाजूलाच राहिलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिकडे आपोआप काम करता येत नाही, बरं का. वेगळी परवानगी काढावी लागते, तिचा शिक्का रहिवासी कार्डाच्या मागे बसतो, आणि आठवड्याला २८ तासांच्या वर काम करायचं नाही. मी एका वर्गात लहान मुलांना इंग्रजी शिकवत होते. दुपारी दीड ते पाच, आठवड्यातून चार दिवस. लेक शाळा सुटल्यावर ‘गाकुदो’त, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरात थांबे. ते बंद होई सात वाजता. पाचला सुटले, की सव्वासहापर्यंत मी दारात. कागदावर हिशेब चोख होता.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी गाडी ग्योतोकू स्टेशनात थांबली ती थांबलीच. पुढे कुठेतरी अपघात झाला होता. साडेपाच वाजले, सहा वाजले. तिकडे गाडीत फोनवर बोलत नाहीत, म्हणून मी फलाटावर उतरले आणि ह्यांना फोन लावला. तर हेही त्याच लाइनवर, तिकडच्या टोकाला अडकलेले! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की आम्हा दोघांचाही घरी जायचा रस्ता एकाच रुळावरून जातो आणि त्या गावात आम्ही तिसऱ्या कुणालाही ओळखत नाही. गाकुदोला फोन केला. तिकडून बाई भराभर जपानीत काही सांगत होत्या आणि मी नुसती "सॉरी, सॉरी" म्हणत होते.

पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. एक दिवा सोडून बाकीचे मालवलेले. माझी लेक दाराशी, पायात बूट, पाठीवर ते कडक चामड्याचं दप्तर, तशीच बसलेली. बाईंनी सांगितलं, सहा वाजल्यापासून ती दप्तर उतरवायलाच तयार नव्हती. रडली नाही. मला पाहून फक्त म्हणाली, "आई, मी तयार होते."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी वाकून निरोप दिला, आणि मग दिवा मालवला.

चूक कुठे होती?

याचियोत काही चूक नव्हती. चूक आमच्या पाहण्यात होती. आम्ही गाव पाहिलं ते रविवारी दुपारी, ऊन असताना, दोघं बरोबर असताना. राहायचं मात्र मंगळवारी संध्याकाळी होतं, एकटीला, घाईत. शांत गावाची शांतता सुट्टीच्या दिवशी गोड लागते. अडचणीच्या दिवशी तीच शांतता म्हणजे हाक मारायला कुणी नाही.

मग आम्ही काय केलं? दुसऱ्याच दिवशी मी बेसनाचे लाडू घेऊन खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. सात महिने आम्ही एकमेकींना नुसत्या वाकत होतो. मोडक्यातोडक्या जपानीत आणि लेकीच्या मदतीनं सगळं सांगितलं. आजींनी एकच विचारलं, "कुठे सही करू?" मुलीला न्यायला येणारं माणूस म्हणून त्यांचं नाव गाकुदोत लिहून आलो. आणि पुढच्या एप्रिलपासून मी निशी-कासाईचं काम सोडून गावातच, सायकलनं दहा मिनिटांवरच्या एका वर्गात शिकवायला लागले. पगार कमी झाला. पण माझे दिवसाचे दोन तास परत आले. घर लांब नेलंत, तर काम तरी जवळ आणा. दोन्ही लांब ठेवून संसार चालत नाही. आपल्याकडे बदलापूरहून रोज मुंबई गाठणाऱ्या बायकांना हे मी सांगायला नकोच.

निवडताना एवढं पाहा

पहिलं म्हणजे, कामाच्या दिवशी, तुमच्या सुटण्याच्या वेळेला, त्या गाडीनं एकदा उभ्यानं प्रवास करा. तोझाई लाइनवर करोनापूर्वी सकाळच्या गर्दीच्या तासाला क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असत. जलद गाडी तुमच्या स्टेशनवर थांबते का तेही पाहा. निशी-कासाईला ती थांबत नाही. उरायासूला गाडी बदलावी लागते.

दुसरं, जाहिरातीतल्या मिनिटांवर विसंबू नका. जपानात ८० मीटर म्हणजे एक मिनिट असा हिशेब असतो. त्यात सिग्नल नाही, चढ नाही आणि कडेवरचं मूलही नाही.

तिसरं, प्रवासखर्च वर्गाकडून मिळणार का आणि किती, हे आधी विचारा. उपनगरातल्या छोट्या रेल्वेची तिकिटं महाग असतात. आमच्या त्या सोळा किलोमीटरनं भाड्यात वाचवलेलं बरंच परत घेतलं.

चौथं स्वयंपाकघरातलं. जपानात भाड्याच्या घरात शेगडी बहुधा नसते, आपली न्यावी लागते. शहरात नळाचा गॅस, तर उपनगरात पुष्कळ ठिकाणी सिलिंडरचा असतो. त्याचं बिल जास्त येतं आणि एकाची शेगडी दुसऱ्याला चालत नाही. आधी विचारा, मगच शेगडी घ्या.

पाचवं, आणि हे मी स्वतः शेवटी शिकले, पुराचा नकाशा मागा. तिकडे प्रत्येक नगरपालिका तो छापते. एदोगावा वॉर्डाची बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डानं काढलेल्या नकाशात, मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबू नका, वॉर्डाबाहेर जा, असं स्पष्ट बजावलं होतं. त्याच ऑक्टोबरात हगिबिस वादळ आलं. रेल्वे कंपन्यांनी गाड्या बंद राहणार असं आधीच जाहीर केलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी निशी-कासाईची दोन मराठी कुटुंबं आमच्या चौथ्या मजल्यावर मुक्कामाला आली. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या मोठ्या भागाला घरं सोडण्याची सूचना निघाली. सुदैवानं आराकावा नदी फुटली नाही. आम्ही नऊ माणसांनी पिठलं-भात खाल्ला आणि रात्रभर खिडक्यांचा थरथराट ऐकला. अर्थात उंचावर राहिलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. त्याआधी महिनाभरच फाक्साई वादळानं चिबा प्रांताच्या मोठ्या भागात वीज गेली होती, काही गावांत तर कित्येक दिवस. म्हणून घर कुठेही घ्या. पाणी, विजेरी आणि दोन दिवसांचा शिधा बांधून ठेवा.

आणि सहावं, मुलांची भाषा. शांत उपनगरात मूल तिथली भाषा पटकन उचलतं, पण मराठी तितक्याच पटकन निसटते. आम्ही महिन्यातून दोन शनिवार निशी-कासाईला जायचोच. डाळ-पोहे आणायला म्हणून; खरं तर लेकीच्या कानावर मराठी पडावी म्हणून, आणि माझ्याही.

मामेबहिणीला मी काय सांगितलं? शहर की उपनगर, ते सांगितलंच नाही. एवढंच म्हटलं, "जे घर आवडेल, ते पुन्हा एकदा मंगळवारी संध्याकाळी पाहा, पाऊस असेल तर फारच उत्तम. आणि त्याच दारात उभी राहून स्वतःला विचार, आज मला यायला उशीर झाला, तर माझ्या लेकराचं दप्तर कोण उतरवेल? एक नाव जरी सुचलं, तरी घे ते घर. नाही सुचलं, तर आधी लाडू कर."