सागाचे रान करपले, ते कोपाने नव्हे!

सप्टेंबर महिना. चाळीसगावहून आम्ही काही कुटुंबे मुलाबाळांसह पितळखोऱ्याची लेणी पाहण्यास निघालो होतो. पाटणादेवीच्या पुढे डोंगर चढताना सर्व जण थबकले. पावसाळा सरला नव्हता, तरी सागाचे रान वणवा लागून गेल्यासारखे तपकिरी पडले होते. "जंगल जयी गयं का भाऊ?" सोबतच्या आजींनी विचारले. वाटेत भेटलेला एक जण म्हणाला, "हा कोप आहे. कोंबडं द्यावं लागेल."

मी एक पान तोडून उन्हात धरले. हिरवा गर नाहीसा, शिरांची जाळी तेवढी शिल्लक. पानावर बारीक रेशमी धागे आणि त्यांच्या आड एक लहानशी अळी. कोप तो एवढाच!

सागावर मुख्यतः दोन पतंगांच्या अळ्या पडतात. 'हायब्लिया पुएरा' ही कोवळी पालवी फुटताच, पावसाळ्याच्या आरंभी येते आणि मोठ्या शिरा सोडून सारे पान फस्त करते. 'युटेक्टोना मॅकेरॅलिस' ही पावसाळा सरताना येते आणि पानाची चाळण करते. आम्ही पाहिली ती हीच.

मग झाड मरते काय? सहसा नाही. केरळातील निलंबूर येथे वन संशोधकांनी कोवळ्या सागाचा हिशेब मांडला. पहिल्या अळीमुळे लाकडाची वाढ सुमारे ४४ टक्के बुडते, असे आढळले. दुसरीने म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. ती येते तेव्हा पानगळ जवळच असते. तेव्हा झाड वाळले म्हणून कुऱ्हाड लावू नये. हे रान तर १९८६ पासून गौताळा अभयारण्यात आहे.

विषारी फवारणीही घातक. पक्षी, कोळी आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तिला आवर घालतात. विषाने त्याच आधी मरतात. पहिल्या अळीला एक विषाणू मारतो. केरळच्या वन संशोधन संस्थेने त्याचीच फवारणी करून पाहिली आहे.

परतताना मुलांनी जाळीदार पाने वह्यांत जपून ठेवली. आई-वडिलांना एकच विनंती : कोंबड्याच्या पैशात मुलांना एक भिंग घेऊन द्या. कारण शोधण्याची सवय घरापासूनच लागते.