कातळातील वाट : मुंबईची भुयारी मेट्रो

वऱ्हाडातील दिग्रसच्या शिवारात विहीर खणू लागले, की काळ्या मातीचा थर संपल्यावर मुरूम लागतो आणि मुरुमाच्या खाली काळानिळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून पसरलेल्या आणि थरांवर थर साचत थिजलेल्या लाव्ह्याचा हा कातळ होय. त्याच्याच झिजेतून वऱ्हाडची कपाशी पोसणारी काळी जमीन निर्माण झाली. याच दख्खनी कातळाची पश्चिमेकडील कड मुंबई बेटाखाली समुद्राला जाऊन भिडते. आणि त्या कडेच्या पोटातून, चाळी, देवळे, अग्याऱ्या, न्यायालये, एक नदी आणि एक विमानतळ यांच्या पायांखालून, कफ परेडपासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर लांबीचा जो लोहमार्ग आज वाहता झाला आहे, त्याचा परिचय वऱ्हाडातील वाचकाला करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. सरकारी दप्तरी या मार्गाचे नाव ‘मेट्रो मार्गिका ३’ असे असून त्यावर सत्तावीस स्थानके आहेत. त्यांपैकी आरेचे एक स्थानक तेवढे जमिनीवर आहे आणि उरलेली सव्वीसच्या सव्वीस भूमिगत आहेत.

मुंबई आणि वऱ्हाड यांचा संबंध कापसाने जोडलेला आहे. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला पूर्वी जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी ब्रिटिश कंपनीने घातली, ती येथील कापूस मुख्य लोहमार्गावर आणून मुंबईच्या बंदरात आणि गिरण्यांत पोचवावा म्हणून. त्या कापसाचे सौदे जेथे होत, ती काळबादेवी आणि त्याचे सूत जेथे निघे, तो वरळी-महालक्ष्मीचा गिरणगाव हे दोन्ही विभाग आता या भुयारी मार्गावर आले आहेत. ज्या मुलखाच्या श्रमावर मुंबईची भरभराट झाली, त्या मुलखातील माणसाला तिच्या या नव्या मिळकतीकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचे काही कारण नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबई आगगाडीच्या रुळांना धरूनच उत्तरेकडे वाढत गेली. परंतु उपनगरी गाड्यांच्या दोन प्रमुख वाटा ज्या दिशांनी गेल्या, त्यांच्या मधला आणि बाजूचा कितीतरी दाट वस्तीचा प्रदेश रुळांपासून दूरच राहिला. काळबादेवी, गिरगाव, वरळी, प्रभादेवीचे सिद्धिविनायक मंदिर, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळाच्या दोन्ही इमारती, मरोळ आणि सीप्झ या ठिकाणी रोज लक्षावधी माणसे कामाला जातात. आणि तेथे पोचण्यासाठी त्यांना आधी लोकलच्या गर्दीत घुसमटावे लागे, मग बसच्या रांगेत तिष्ठत राहावे लागे. वर रस्ता रुंद करण्यास जागा नाही आणि उंच खांबांवरून पूल न्यावा तर गिरगावासारख्या पेठेत खांब रोवण्यापुरतीही फट नाही, अशा अवस्थेत जमिनीखाली जाण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. लंडनने हा मार्ग १८६३ सालीच धरला होता आणि आपल्या देशात कलकत्त्याने तो १९८४ साली अनुसरला. मुंबईस मात्र भरतीच्या पाण्याने वेढलेल्या बेटाचा तळ कोरण्याचे धैर्य एकविसाव्या शतकात एकवटावे लागले.

केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी मालकी असलेल्या मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडे हे काम सोपविण्यात आले. मूळ मंजुरी २३,१३६ कोटी रुपयांची होती आणि त्यातील सुमारे सत्तावन्न टक्के रक्कम जपानच्या ‘जायका’ या संस्थेने कर्जाऊ देण्याचा करार २०१३ साली झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये कोनशिला बसली. काम सात भागांत वाटून ठेकेदारांस देण्यात आले. आणि २०१७ साली भुयार खणणारी यंत्रे जमिनीत उतरू लागली. एकंदर सतरा यंत्रे आली आणि त्यांना महाराष्ट्रातील नद्यांची नावे देण्यात आली : गोदावरी, कृष्णा, तापी, वैतरणा, तानसा, सूर्या. आपल्या विदर्भातील वैनगंगेचे नावही त्यांत होते. आणि मरोळच्या बाजूने निघालेल्या वैनगंगेनेच २४ सप्टेंबर २०१८ रोजी विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलपाशी कातळ फोडून या मार्गावरील पहिले भुयार पुरे केले, ही गोष्ट वैनगंगेच्या मुलखाला अभिमान वाटावा अशी आहे.

हे यंत्र कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या तोंडाशी पोलादाची एक प्रचंड गोल तबकडी असते आणि तिच्यावर कठीण पोलादाच्या चकत्या बसविलेल्या असतात. तबकडी संथपणे फिरू लागली, की चकत्या कातळावर दाबल्या जातात, त्यांच्या दाबाने कातळाच्या चिपा उडतात आणि तो चुरा यंत्राच्या पोटातून मागे वाहून नेला जातो. यंत्राला पुढे रेटणारे दट्टे मागच्या बाजूला असतात. ते टेकण्यासाठी आधार घेतात तो नुकत्याच बांधलेल्या भुयाराच्या काठाचा. एका कड्याइतके अंतर तोडून झाले, की यंत्र थांबते. मग कारखान्यात आधीच ओतून तयार ठेवलेले काँक्रीटचे वक्र तुकडे एक यांत्रिक हात एकामागून एक उचलतो आणि भुयाराच्या भिंतीशी लावतो. शेवटी पाचरीच्या आकाराचा लहान तुकडा उरलेल्या फटीत सरकविला, की सगळे तुकडे एकमेकांना आवळून कडे पुरे होते. कडे आणि कातळ यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती दाबाने सिमेंटचे मिश्रण भरून बुजविली जाते, कारण ती तशीच सोडली तर वरची माती त्या पोकळीत उतरेल आणि मातीबरोबर वरचे घर खचेल. आडव्या पाडलेल्या बांधीव विहिरीसारखे हे भुयार कड्याकड्याने वाढत जाते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी बेचाळिसावे आणि अखेरचे भुयार खुले झाले, तेव्हा जाण्याचा आणि येण्याचा अशा दोन्ही बोगद्यांची मिळून लांबी चोपन्न किलोमीटरांवर गेली होती.

स्थानकांचे काम याहून अवघड निघाले. जेथे वर मोकळी जागा होती तेथे रस्ता उघडून खोल खड्डा घेता आला. परंतु काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड येथे तशी सोय नव्हती. तेथे एका अरुंद कूपातून खाली उतरायचे, थोडा कातळ काढायचा, उघड्या पडलेल्या छतावर लगोलग काँक्रीटचा फवारा मारायचा, पोलादी सळ्या कातळात ठोकून तो शिवून टाकायचा, मोजमाप घ्यायचे, आणि ते मनाजोगते आले तरच पुढचा हात टाकायचा, या रीतीने फलाटांच्या पोकळ्या कोरल्या गेल्या. वर जुन्या इमारतींच्या भिंतींवर तडामापक आणि कलमापक बसविलेले होते. तडामापकाची दोन टोके भेगेच्या दोन बाजूंना पक्की केलेली असतात आणि भेग केसाएवढी जरी रुंदावली तरी आकड्यात फरक पडतो. असा फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की खालचे काम थांबवून कारण शोधणे हा तेथला दंडक होता. मला या मार्गाची सर्वांत मोठी कामगिरी वाटते ती हीच : ज्यांच्या पायाखालची जमीन पोखरायची त्यांच्या भिंतीला धक्का लागू द्यायचा नाही, या वचनाला रोजच्या मोजमापाने बांधून घेणे. कातळ फोडण्याचे सामर्थ्य पैशाने विकत आणता येते. ही सावधता मात्र माणसांना दिवसेंदिवस पाळावी लागते.

ही सावधता सर्वस्वी आपखुशीने आली असे म्हणणे सत्याला सोडून होईल. तीत नागरिकांच्या हरकतींचा आणि न्यायालयाचा वाटा मोठा आहे. यंत्रांच्या आवाजाने झोप उडालेल्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाकडे दाद मागितली, तेव्हा २०१७ साली दक्षिण मुंबईतील कामास रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात मनाई झाली आणि पुढच्या वर्षी ती अटींवर उठली. फोर्टमधील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या विश्वस्तांनी आपल्या जुन्या वास्तूची चिंता न्यायालयापुढे मांडली. पारशी समाजातील भाविकांनी वाडियाजी आणि अंजुमन या दोन आतशबेहरामांच्या, म्हणजे अग्निमंदिरांच्या, पावित्र्याला भुयारामुळे बाध येईल असे गाऱ्हाणे नेले. न्यायालयाने ते सविस्तर ऐकून घेतले आणि २०१८ च्या अखेरीस काम चालू ठेवण्यास मुभा दिली. गिरगाव-काळबादेवीतील ज्या भाडेकरूंच्या इमारती स्थानकांसाठी पाडाव्या लागल्या, त्यांना दूरच्या उपनगरात न धाडता त्याच पेठेत नवी घरे बांधून देण्याची तजवीज करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या एका वाडीत राहिलेल्या कुटुंबाला त्याची वाडी, देऊळ, शाळा आणि शेजार सोडावा न लागणे हे कोणत्याही रोख मोबदल्याहून मोलाचे आहे, आणि सार्वजनिक कामासाठी ज्यांची घरे जातात त्या सर्वांच्या बाबतीत हाच पायंडा पडावयास हवा.

आरेच्या बाबतीत ही सावधता ढळली. गाड्या ठेवण्याच्या आणि दुरुस्तीच्या आगारासाठी तेथील हिरवी जमीन निवडण्यात आली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूचे अर्ज फेटाळले, आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली तोवर दोन हजारांवर झाडे जमीनदोस्त झालेली होती. पुढे आगार कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, तोही न्यायालयात अडकला, आणि २०२२ साली आगार पुन्हा आरेतच आले. भिंतीची भेग मिलिमीटरच्या अंशाने मोजणाऱ्या यंत्रणेने हजारो झाडांचा निकाल दोन-तीन दिवसांत लावावा, आणि त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसांना वरच्या न्यायालयापर्यंत पोचण्याइतकीही सवड देऊ नये, याचे दुःख होते.

३० ऑगस्ट २०२२ रोजी पहिली चाचणी गाडी धावली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा मे २०२५ मध्ये, आणि कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. पहिल्या लोहमार्गाच्या उभारणीत ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांच्या स्मृतीला हा मान यथायोग्यच होय.

गाडी आठ डब्यांची असून आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथील कारखान्यात तयार झालेली आहे. ती चालकाविना धावू शकेल अशा रीतीने रचलेली आहे. तिचा वेग, दोन गाड्यांमधील अंतर आणि थांबण्याची जागा यांचे नियमन नियंत्रण कक्षातील यंत्रणा आणि गाडीवरील यंत्रणा परस्परांशी अखंड बोलत राहून करतात. ब्रेक लागताना गतीतून निर्माण होणारी वीज तारेत परत जाते. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे आणि तिची दारे गाडीच्या दारांशी जुळून एकदमच उघडतात. त्यामुळे कोणी रुळावर पडण्याचे भय नाही आणि स्थानकातील थंड हवाही बोगद्यात वाया जात नाही. बोगद्यांत धूर झाल्यास तो प्रवाशांपासून दूर ढकलणारे पंखे आहेत, आणि एका बोगद्यातून दुसऱ्यात निसटण्यासाठी ठराविक अंतरांवर जोडवाटा आहेत. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या निघाल्या, की रूळ तपासणारे, तारा पुसणारे, पंप आणि दारे पाहणारे कामगार खाली उतरतात, आणि पहाटे पहिली गाडी सुटण्यापूर्वी त्यांना सारी वाट निर्धोक असल्याची खातरजमा करून द्यावी लागते.

या देखरेखीत कोठे उणीव राहिली तर काय होते, ते दुसरा टप्पा खुला होऊन पुरते तीन आठवडे लोटले नाहीत तोच दिसून आले. २६ मे २०२५ रोजी मुंबईत वेळेआधीच मुसळधार पाऊस कोसळला, आचार्य अत्रे चौक स्थानकाच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशद्वाराशी पाणी अडविणारी भिंत ढासळली, आणि चिखलाचा लोंढा जिने उतरून नव्या कोऱ्या फलाटापर्यंत गेला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. परंतु काही दिवस तेवढा भाग बंद ठेवावा लागला. मुंबईसारख्या गावात भुयाराचे दार म्हणजे पावसाळ्यात धरणाचा दरवाजा समजावयास हवा, आणि ते पुरते बांधून होण्यापूर्वी उद्घाटनाची घाई कोणीही करू नये.

मूळचा २३,१३६ कोटींचा खर्च वाढत वाढत ३७ हजार कोटींच्या घरात गेला. हा आकडा ऐकून आपल्याकडील माणूस दचकतो, आणि ते स्वाभाविक आहे. कारण वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या गावांवरून नांदेडला जाणारा लोहमार्ग २००८-०९ साली मंजूर झाला आणि त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा खुला होण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. पण मुंबईला मिळाले म्हणून हळहळणे हे त्याचे उत्तर नव्हे. काळबादेवीच्या जर्जर चाळींखालून एकेक हात कातळ काढीत जे राज्य अकरा वर्षांत कफ परेडपर्यंत पोचले, त्या राज्याला मोकळ्या रानातून रूळ नेणे अशक्य होते असे कोणीही मानणार नाही; तेव्हा त्याच राज्याकडे आपण तीच सावधता आणि तोच नेट मागितला पाहिजे. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचा मोबदला वेळेवर चुकता व्हावा, पुलाखालून पावसाचे पाणी सुखरूप वाहून जावे, तोडलेल्या झाडांचा हिशेब लोकांपुढे ठेवला जावा आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे काम चालू होण्याआधी ऐकले जावे. सार्वजनिक कामाची थोरवी त्याच्या लांबीरुंदीवर ठरत नाही. ज्यांच्या जमिनीतून, घराखालून आणि पैशातून ते उभे राहते, त्यांची पर्वा ते किती करते यावर ती ठरते. मुंबईच्या भुयाराने ही पर्वा जेथे केली तेथे ते आदर्श ठरले आणि जेथे केली नाही तेथे त्याला गालबोट लागले. दिग्रसला येणाऱ्या रुळांनाही हीच कसोटी लावावयाची आहे.