शाळिग्रामाचा काळ आणि विस्मरणात गेलेला ओपेल

देव्हाऱ्यातला शाळिग्राम खरोखरच जीवाश्म असतो का, असं एका वाचकाने विचारलं आहे. काली गंडकीच्या पात्रात मिळणारा, आत चक्र असलेला शाळिग्राम असेल, तर हो. ते चक्र अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचं आहे. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता तेव्हा, म्हणजे साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, हा प्राणी मरून तळाच्या काळ्या गाळात रुतला आणि त्याच्याभोवती खनिजांचा टणक गोळा जमला. पुढे गाळाचा खडक होऊन तो उचलला गेला. आता नदी तो फोडते आणि गोळे खाली आणते.

अमोनाइटचं नातं माकुळाशी आणि ऑक्टोपसशी. शंखात आडव्या पडद्यांनी कप्पे झालेले. प्राणी राहायचा शेवटच्या कप्प्यात. मागच्या कप्प्यांतलं पाणी बारीक नळीवाटे काढून त्यांत वायू भरला जाई, म्हणून हा जड शंख पाण्यात तरंगे.

पण मला सांगायचं आहे ते जीवाश्मांचा अभ्यासक आल्बर्ट ओपेल याच्याबद्दल. शाळिग्रामाचा काळ म्हणजे जुरासिक, आणि जुरासिक म्हटलं की आपल्याला डायनोसॉर आठवतात. त्या काळाची बारीक मोजणी ज्याने शक्य केली, त्याचं नाव कुणी घेत नाही. उत्खननात सातवाहनांचं नाणं सापडलं की त्या थराचा काळ कळतो, मग माती काळी असो वा तांबडी. ओपेलने अमोनाइट असेच वापरले. त्यांच्या जाती भराभर बदलत होत्या आणि समुद्रांतून दूरवर पसरत होत्या. १८५६ ते १८५८ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने इंग्लंड, फ्रान्स आणि नैर्ऋत्य जर्मनीचे थर खडकाच्या प्रकारावरून नव्हे, तर त्यांतल्या जातींवरून जुळवले. केवढी धाडसी कल्पना! पुढे श्लागिंटवाइट बंधूंनी हिमालयातून नेलेले स्पितीचे अमोनाइटही त्यानेच म्युनिकमध्ये अभ्यासले. १८६५ मध्ये तो वारला, तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचा होता. त्याचा शिष्य विल्हेल्म वागेन याने १८७० च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांवर मोलाचं काम केलं.

अमोनाइटांचा वंश ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच संपला.

कच्छला जाल तेव्हा खडकात असा शंख दिसला, तर फोटो जरूर काढा, पण तो उपसून आणू नका. थरातून सुटलेला अमोनाइट त्या थराचं वय सांगू शकत नाही.