अर्थमंत्र्यांच्या भाषणानंतर काय होते?

१ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचे भाषण झाले, की आपली चर्चा प्राप्तिकरापाशीच थांबते. संसदेचे खरे काम मात्र तिथून पुढे सुरू होते.

मंत्रालयांच्या खर्चासाठी लोकसभेपुढे ‘अनुदानाच्या मागण्या’ येतात. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसदेच्या स्थायी समित्या त्या तपासतात. मग सभागृहात चर्चा होते. धोरणच अमान्य असेल, तर मागणी १ रुपयावर आणण्याची कपात सूचना खासदार देऊ शकतो; एखादी तक्रार मांडायची असेल, तर १०० रुपये कमी करण्याची. ठरलेली वेळ संपली, की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. कर्जावरील व्याजाच्या खर्चावर तर मतदानच होत नाही.

पुढे विनियोजन विधेयकाचा कायदा झाला, की सरकारला भारताच्या एकत्रित निधीतून पैसे काढता येतात. करांतले बदल वित्त विधेयकातून कायद्यात येतात. अशा धनविधेयकांवर राज्यसभा १४ दिवसांत शिफारशी करू शकते. त्या मानायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते.

कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना संमत होणे लोकशाहीला शोभत नाही. म्हणून आपल्या खासदाराला जरूर विचारावे: यंदा कोणत्या मागणीवर बोललात?