नसलेला कोनाडा : हेडसेट, पाण्याखालचा ड्रोन आणि आपण

मंडळाच्या मागच्या दोन बैठकांत एकच प्रश्न फिरून आला. पाण्याखालचा छोटा ड्रोन आता हौशी माणसाच्या आवाक्यात आला आहे, डोक्याला लावायचं हेडसेटही बाजारात मिळतं, मग सुंची रीफवर आपणच एकदा ड्रोन का सोडू नये? उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पंचवीसेक वर्षं बार्ज-दुरुस्तीत इंजिनियर म्हणून काढली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते कागद चाळून, लोकांना विचारून आणि चुका करून. त्यातली एक चूक पुढे येईलच.

सुंची रीफ बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८८-८९ च्या सुमारास तिथल्या बुडालेल्या जहाजाचा शोध सुरू केला. लोखंडी तोफा, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, मोठे रांजण, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे असा माल तिथे मिळाला. या अवशेषांवरून ते १७ व्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज मानलं जातं. खोली फार नाही, काही मीटरच. पण लाटांचा मारा सतत असतो, आणि पाणी कधी कधी इतकं गढूळ असतं की पाणबुड्याला स्वतःचा पसरलेला हात नीट दिसू नये. 'ड्रोन सोडला की सगळं दिसेल' ही समजूत इथेच पहिल्यांदा अडखळते.

आता यंत्राकडे. हवेतला ड्रोन रेडिओ लहरींवर चालतो. खाऱ्या पाण्यात त्याच लहरी वीतभर अंतरातच मरतात, आणि जीपीएसचंही तेच. त्यामुळे पाण्याखालचा ड्रोन केबलने वरच्या माणसाशी बांधलेला असतो. हुकूम खाली आणि चित्र वर, दोन्ही तिच्यातूनच जातं. केबल नसलेली वाहनंही आहेत. आपल्या दोना पावलाच्या संस्थेनेच बनवलेलं 'माया' हे त्यांपैकी एक. पण ते आधी नेमून दिलेल्या वाटेने स्वतः जातं, वरून कुणी ते हाकत नाही. पाण्यात बिनतारी बोलायचं तर ध्वनीचा आधार घ्यावा लागतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर, आणि त्यावरून फार थोडी माहिती जाते. सलग चांगला व्हिडिओ विसराच.

हेडसेटचे दोन प्रकार लोक एकत्र करतात. पहिला डोळे पूर्ण झाकतो आणि समोर फक्त ड्रोनचं चित्र ठेवतो. २०१७ मध्ये आलेल्या 'पॉवररे' या ड्रोनबरोबर असा चष्मा मिळायचा. मान हलवली की ड्रोनचा कॅमेरा हलायचा. ऐकायला छान. पण मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत जरा जरी उशीर झाला की पोटात ढवळतं. डोळे सांगतात एक आणि कानातला तोल सांगतो दुसरंच. वर तुम्ही होडीत बसलेले, होडी हेलकावे खाते आहे. मी समुद्राला घाबरणारा माणूस नाही, तरी असला चष्मा लावून पाच मिनिटांत कठड्याला टेकलो होतो.

दुसरा प्रकार मिश्र वास्तवाचा. यात आजूबाजूचं खरं जग दिसत राहतं. होडी, केबलचं वेटोळं, केबल सोडणारा माणूस, सगळं दिसतं. त्यावर काढलेल्या गोष्टी तरंगतात : हवेत टांगलेल्या खिडकीसारखा व्हिडिओ, खोलीचा आकडा, दिशादर्शक, आणि तळाचा त्रिमितीय नकाशा, ज्यात ड्रोन एका छोट्या बाणासारखा फिरतो. 'होलोलेन्स' अशा यंत्रांतलं पहिलं नावाजलेलं. ड्रोन हाकणाऱ्याला याचा खरा फायदा आहे, कारण केबल गुंतणं ही या कामातली रोजची कटकट आणि डोळे झाकलेल्या माणसाला ती कळतच नाही.

पण इथेही होडीचा त्रास सुटत नाही. हेडसेटमधले संवेदक म्हणतात 'मी हलतोय', कॅमेरे होडीच्या आतल्या भागाकडे बघून म्हणतात 'काहीच हललेलं नाही', आणि हवेतला नकाशा हळूहळू सरकू लागतो. होलोलेन्स २ मध्ये तर हलत्या वाहनासाठी वेगळी सोय नंतर घालावी लागली. शिवाय पाण्यात सपाट काचेमागून वस्तू साधारण एक-तृतीयांश मोठी दिसते. कॅमेऱ्याचं मापन पाण्यात करून घेतलं नाही, तर नकाशा आणि चित्र एकावर एक बसणारच नाहीत.

मग आपल्या किनाऱ्यावर या सगळ्याचा उपयोग काय? माझं मत : गढूळ पाण्यात हेडसेट तुम्हाला जास्त 'दाखवत' नाही. जे आधीच मोजलेलं आहे त्याची आठवण ते योग्य जागी ठेवतं. सोनारने किंवा मागच्या खेपेच्या फोटोंवरून नकाशा केलेला असेल, तर समोर नुसता हिरवट धूर असतानाही 'तोफ डावीकडे, तीन मीटरवर' हे कळतं. उपयोग मोठा आहे. धोकाही त्यातच आहे, आणि तो मी स्वतः करून पाहिला.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्याकडून ड्रोन आणि हेडसेट चार दिवसांसाठी मिळालं. समुद्रावर जाण्याआधी सराव म्हणून देवस्थान समितीची परवानगी काढून आम्ही फोंड्याच्या बाजूच्या एका देवळाच्या तळीत उतरलो. चिऱ्याची बांधणी, चारही बाजूंनी पायऱ्या. पाण्याच्या वरचा भाग मी टेपने मोजला होता आणि त्यावरून तळीचा नमुना संगणकावर केला होता. पूर्वेच्या भिंतीत पाण्यालगत एक कोनाडा होता. मी विचार केला, समोर पश्चिमेलाही असणार. तसा काढून टाकला. अशी जोडी असते बऱ्याच ठिकाणी.

ड्रोन माझा भाचा चालवत होता. पश्चिमेच्या भिंतीजवळ गेल्यावर ओरडला, "मामा, कोनाडा दिसला! डाव्या अंगाला!" मी वहीत वेळ लिहिली, खोली लिहिली, पुढे लिहिलं 'दिसला'. घरी येऊन टिपणही केलं आणि मंडळातल्या दोघांना पाठवलं.

तीन दिवसांनी मूळ व्हिडिओ संगणकावर पाहिला, त्यावर काहीही न चढवलेला. कोनाडा कुठेच नव्हता. शेवाळ, गाळ आणि सलग चिरा. भाच्याने पाहिला होता तो मीच काढलेला कोनाडा, गढूळ पाण्यावर नेमका बसलेला. पोराची काहीच चूक नाही. त्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही रेषा सारख्याच ठळक होत्या, टेपने मोजलेली आणि मी मनाने घातलेली. टिपण परत मागवलं, त्या दोघांना फोन करून सांगितलं. एकाने तोवर ते पुढे तिसऱ्याला पाठवलंही होतं.

जहाजांच्या बाबतीत हे किती महागात पडेल याचं उदाहरण गोव्याच्याच किनाऱ्यावर आहे. सेंट जॉर्जेस रीफवरच्या अवशेषांत मातीची कौलं मिळाली, त्यांवर 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा छाप आहे. ज्या मंगळुरी कौलांखाली आपल्यातले निम्मे लोक वाढले, त्याच घराण्यातली ही. आता उद्या कुणी हेडसेटमध्ये या ढिगाऱ्यावर '१८६५' अशी पाटी तरंगवली, तर पाहणारा म्हणणार, जहाज १८६५ ला बुडालं. पण १८६५ हे तर मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचं वर्ष आहे. छापातलं साल जहाज त्याआधी बुडालेलं नाही, एवढंच सांगतं. किती नंतर, ते दुसऱ्या पुराव्यांनी ठरवायचं. कागदावर आपण असं वाक्य लिहितो तेव्हा 'बहुधा', 'असावं' असे शब्द घालतो. हवेत तरंगणाऱ्या पाटीत 'बहुधा' कुठे लिहिणार?

जगात याहून पुढचं काम चाललं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'ओशनवन' हा माणसासारखे दोन हात असलेला यंत्रमानव २०१६ मध्ये फ्रान्सच्या तुलाँजवळ 'ला ल्यून' या जहाजावर उतरला. चौदाव्या लुईचं हे जहाज १६६४ मध्ये बुडालेलं, खोली सुमारे १०० मीटर. वर बसलेल्या माणसाला कॅमेऱ्यांतून दिसत होतंच, पण यंत्राच्या हाताला जे लागेल त्याचा दाबही त्याच्या हातांत जाणवत होता, आणि त्या आधारे एक भांडं न फोडता उचलून टोपलीत ठेवलं गेलं. मला त्या व्यवस्थेतला दाब फार महत्त्वाचा वाटतो. तो काढलेल्या रेषेचा नसतो, खरंच काहीतरी लागलं तरच येतो.

आपल्या हातात असं काही येणार नाही, आणि उचलण्याचा विषय तर काढूच नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येते, आणि जागेवरून हललेला तुकडा पुराव्यातून निम्मा उठतो. चिमटा लावलेला ड्रोन भाड्याने देणारे भेटतील. चिमटा काढून मगच घ्या.

सुंची रीफबद्दल माझं उत्तर म्हणून सध्या 'नाही' असंच आहे. आधी तळ्या करू. तळीसाठी आम्ही आता असं ठरवलं आहे : मोजलेली रेषा पांढरी आणि सलग, अंदाजाची पिवळी आणि तुटक. चालवणाऱ्याच्या हाताशी सगळा नकाशा एका बटणाने घालवायची सोय. काहीतरी 'दिसलं' की आधी ते बटण दाबायचं, मग ओरडायचं. वहीत 'दिसलं' हा शब्द मूळ व्हिडिओ पाहिल्यावरच लिहायचा. भाच्याने स्वतःहून एक भर घातली आहे : नमुना मामाने केला असेल तर पाहणी दुसऱ्याने करायची, आणि नमुना कसा आहे ते त्याला आधी सांगायचं नाही. पुढची खेप पाऊस संपून गाळ बसल्यावर, नोव्हेंबरात. केबल धरायला दोन माणसं हवी आहेत.