घरचा फोन कुणाच्या खिशात?

मुलांनो, 'तुमच्या घरचा फोन कुठे असतो?' असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? 'आईच्या पर्समध्ये.' 'बाबांच्या खिशात.' 'दादाच्या हातात, आणि तो काही केल्या देत नाही!' हो ना? हाच प्रश्न १९९५ साली विचारला असता, तर ज्यांच्या घरी फोन होता त्या सगळ्या मुलांनी एकच उत्तर दिलं असतं : 'बाहेरच्या खोलीत, छोट्या टेबलावर.' त्यावर आजीने विणलेला रुमाल, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन आणि निरोप लिहायची वही. फोन कुणा एकाचा नव्हता. तो घराचा होता.

आता असे फोन घराघरांतून निरोप घेत आहेत. कदाचित तुमच्या घरीही परवाच चर्चा झाली असेल, 'काढून टाकू या लँडलाइन. कोण वापरतंय?' मग मोठी माणसं हिशेब मांडतात. महिन्याचं भाडं किती, अनामत परत किती मिळेल, अर्ज कुठे द्यायचा. हिशेब बरोबरच असतो. फक्त एक प्रश्न त्यात बहुतेक वेळा राहून जातो, आणि तो तुमच्याशीच संबंधित आहे. दुपारी तीन वाजता घरात कोण असतं, आणि त्याच्याजवळ फोन असतो का?

त्या प्रश्नाकडे आपण येऊच. पण आधी हे जाणारे पाहुणे कोण होते, ते नीट पाहून घेऊ या.

आपल्या देशात टेलिफोनची एक्सचेंज सुरू झाली ती १८८२ साली, कोलकाता, मुंबई आणि चेन्नई इथे. (तेव्हाची त्यांची नावं कलकत्ता, बॉम्बे आणि मद्रास.) म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळाल्यावर अवघ्या सहा वर्षांनी. सुरुवात अशी झोकात झाली, पण पुढे सामान्य माणसाच्या घरी फोन पोचायला शंभर वर्षं लागली म्हटलं तरी चालेल. १९८० च्या आसपास फोनसाठी नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. मुलगी दुसरीत असताना अर्ज केला आणि ती कॉलेजात गेल्यावर फोन आला, असे किस्से तुमच्या आजोबांना विचारा. ते हसत हसत सांगतील. तेव्हा ते हसत नव्हते, एवढंच.

तोपर्यंत काय करायचं? शेजाऱ्यांचा फोन! जुन्या लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं कपाटात सापडली तर नीट बघा. नंबरापुढे कंसात 'पी. पी.' असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ, हा फोन आमचा नाही, पण इथे निरोप द्या, ते आम्हाला बोलावतील. एका फोनवर अख्ख्या वाड्याचे निरोप यायचे. 'वहिनी, तुमच्या माहेरचा फोन!' अशी हाक आली की वहिनी पोळी तव्यावर टाकून धावत. नोकरीची बातमी, बारशाचं आमंत्रण, कुणी गेल्याचा निरोप, सगळं त्या एका घंटीतून. ज्यांच्या घरी फोन, त्यांना मान होता खरा, पण त्रासही काही कमी नव्हता!

१९८४ साली 'सी-डॉट' ही सरकारी संस्था स्थापन झाली. भारतातल्या उन्हाळ्यात आणि धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालतील अशी छोटी एक्सचेंज तिथल्या इंजिनिअरांनी तयार केली आणि ती खेडोपाडी पोचू लागली. सॅम पित्रोदा हे नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. मग चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर दूरच्या कॉलचे दर अगदी कमी व्हायचे, म्हणून पावणेअकरापासूनच बूथबाहेर रांग लागे. आत बोलणाऱ्याचं लक्ष पलीकडच्या माणसाकडे कमी आणि समोरच्या मीटरच्या लाल आकड्यांकडे जास्त!

आता थोडी गंमत यंत्राची. तुमच्या घरी जुना गोल डायलचा फोन असेल तर तो अडगळीतून काढून आणा. त्याला विजेचा प्लग नाही, बॅटरीही नाही. मग तो चालायचा कसा? भिंतीतून येणाऱ्या दोन बारीक तांब्याच्या तारा थेट एक्सचेंजपर्यंत जायच्या आणि तिथल्या मोठ्या बॅटऱ्यांमधून सुमारे ४८ व्होल्टची वीज त्या तारांमधून तुमच्या घरी यायची. म्हणून घरातले दिवे गेले, पंखा थांबला, तरी फोन चालू! अंधारात चाचपडत जाऊन रिसीव्हर उचलला की 'डायल टोन' ऐकू यायचाच.

आणि डायलचं काय? तुम्ही ४ या भोकात बोट घालून डायल फिरवून सोडली की परत येताना ती तारेतला प्रवाह चार वेळा क्षणभर तोडायची. १ ला एकदा, ९ ला नऊ वेळा आणि ० ला दहा वेळा. हे ठोके सेकंदाला साधारण दहा पडत. एक्सचेंजमधलं यंत्र ते मोजायचं आणि नंबर ओळखायचं. समजा ४१९० फिरवायचा आहे, तर एकूण ठोके किती? चार, एक, नऊ आणि दहा, म्हणजे चोवीस. नुसत्या ठोक्यांना दोन सेकंदांहून जास्त, आणि मधला वेळ वेगळा. नंबरात शून्यं जास्त असली की बोट दुखायचं ते उगाच नाही. कुणी फुकट फोन करू नये म्हणून काही लोक डायलला चक्क कुलूप लावत. तेव्हाची हुशार मुलं काय करत? रिसीव्हर ठेवायचं जे बटण असतं ना, तेच मोजून टकटक दाबत! यंत्राला काय, ठोके मिळाल्याशी मतलब. (मी शिक्षिका आहे, तेव्हा ही युक्ती मी फक्त विज्ञान म्हणून सांगते आहे.)

मोबाईल आपल्याकडे आला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून ती सेवा सुरू केली. सुरुवातीला तो श्रीमंतांचाच. फोन केला तर पैसे पडतच, पण आला तरी पडत! येणारा कॉल फुकट झाला २००३ साली आणि मग मोबाईल भराभर सगळीकडे पोचला. भाजीवाल्या मावशींपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत. ज्यांनी कधीच 'पी. पी.' नंबरापलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्यांच्या हातात थेट स्वतःचा फोन आला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यामुळे जुन्या फोनचे गोडवे गाताना कुणी 'मोबाईलने सगळं बिघडवलं' म्हणालं, तर मी मान डोलवत नाही.

मग घरोघरी लँडलाइन का सोडतात? कारणं साधी आहेत. फोन वापरा न वापरा, भाडं भरायचंच. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरतं, रस्ता खणताना केबल तुटते, आणि मग दुरुस्तीची वाट पाहत दिवस जातात. बँकेचा किंवा गॅसचा ओटीपी मोबाईलवर येतो, जुन्या फोनवर संदेश दिसणार कुठे? शिवाय आता बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी काचेच्या धाग्याची, म्हणजे फायबरची लाइन येते. त्यावरही घरचा फोन चालतो, पण एक फरक आहे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातल्या छोट्या पेटीला वीज लागते. दिवे गेले आणि पेटीला बॅटरी जोडलेली नसली, की फोनही गेला. म्हणजे 'लँडलाइन वीज गेली तरी चालते' हे वाक्य आता प्रत्येक घरी खरं नाही. आणि तांब्याची तार असली तरी पुरात एक्सचेंजच पाण्याखाली गेलं, तर तीही मुकीच.

ब्रिटनमधलं एक उदाहरण सांगते. तिथे तांब्याच्या तारांवरची जुनी टेलिफोन व्यवस्था बंद करायचं ठरलं. मुदत होती डिसेंबर २०२५. पण तिथे एकटे राहणारे लाखो आजी-आजोबा गळ्यात एक बटण घालतात. पडलं, दुखलं-खुपलं, की बटण दाबायचं, आणि घरच्या फोनवरून मदतकेंद्राला आपोआप कॉल जातो. काही घरांत नव्या लाइनवर हे बटण चाललंच नाही! मग सरकारने आणि कंपन्यांनी घाईला लगाम घातला आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे नेली. बघा, फोन बदलताना ज्यांचा विचार राहून गेला होता, ते घरात एकटे असणारेच होते.

आता आपल्या घराकडे या. आई कामावर, तिचा मोबाईल तिच्याबरोबर. बाबांचा बाबांबरोबर. तुम्ही शाळेतून आलात, घरात तुम्ही आणि आजी. आजीला अचानक घाम फुटला, छातीत दुखू लागलं. पूर्वी बाहेरच्या खोलीत धावलं की फोन होता. आज? घरात तीन मोबाईल आहेत, पण तिन्ही घराबाहेर आहेत.

समजा, शेजारच्या काकूंनी त्यांचा मोबाईल तुमच्या हातात दिला. कुठला नंबर लावाल? मी चौथीच्या वर्गाला शिकवते. 'आईचा नंबर न बघता पाटीवर लिहा' असं सांगितलं तेव्हा बरीच मुलं एकमेकांकडे बघू लागली. 'बाई, तो मोबाईलमध्ये 'आई' नावाने आहे!' हे उत्तर खरंच होतं. घरचा नंबर मात्र आम्हाला झोपेतही पाठ असायचा, कारण तो एकच होता आणि वर्षानुवर्षं बदलत नव्हता. तेव्हा तुमच्या घरी लँडलाइन राहो अथवा जावो, आईबाबांपैकी एकाचा नंबर पाठ करून टाका. दहा आकडे म्हणजे तीन-तीन-चार असे तुकडे. म्हणत म्हणत दोरीच्या उड्या मारल्यात तर दोन दिवसांत होतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. लँडलाइन एका पत्त्यावर जोडलेली असे, त्यामुळे नंबरावरून घर सापडे. मोबाईलचं ठिकाण कधी अगदी नेमकं कळतं, तर कधी नुसता परिसर कळतो. म्हणून ११२ या मदतीच्या नंबरावर कॉल केलात तर पत्ता तुम्हालाच सांगता आला पाहिजे. 'दत्ताच्या देवळामागे' एवढ्याने पोलीस किंवा रुग्णवाहिका पोचणार नाही. कुठलं गाव, कुठला रस्ता, इमारतीचं नाव, कितवा मजला, सगळं सांगायला हवं. मुलांना मदत लागली तर १०९८ हाही नंबर आहे. हे नंबर गंमत म्हणून मात्र लावायचे नाहीत. त्याच मिनिटाला खरोखर अडचणीत असलेलं कुणीतरी ताटकळत असतं.

आणि तिसरी गोष्ट, जी तुम्ही आजच घरी सुचवू शकता. लँडलाइन काढायची असेल तर खुशाल काढा, पण एक साधा बटणांचा मोबाईल घरासाठी ठेवा. घरासाठी म्हणजे तो कुणीही बाहेर न्यायचा नाही, अगदी 'पाच मिनिटांत येतो' म्हणूनसुद्धा! त्याचं रिचार्ज वेळच्या वेळी करायचं. पुष्कळ दिवस न वापरलेला नंबर बंद होऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणून त्यावरून अधूनमधून मामाला फोनही करायचा. आजीला दिसतील असे मोठे आकडे हवेत. चार महत्त्वाचे नंबर जाड अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर लावा, चष्मा नसताना वाचता येतील इतके मोठे. जुना नंबर जिथे जिथे दिलेला आहे, बँक, गॅस, शाळा, डॉक्टर, त्यांची यादी करायला आईला मदत करा आणि नवा नंबर सगळीकडे कळवल्यावरच जुना फोन बंद करायचा अर्ज द्यायला सांगा. उलट क्रमाने केलं तर शाळेचा निरोप बंद पडलेल्या नंबरावर जात राहतो, हे मी दरवर्षी बघते.

फोन ठेवायची जागा? तीच, बाहेरच्या खोलीतलं छोटं टेबल. रुमाल असेल तर तोही असू द्या. चार्जरची वायर तेवढी टेबलामागून घ्या, नाहीतर आजीच्या पायात येते.