कळसूबाईएवढा पैसा, माणशी दोनशे आठ रुपये

१८ कोटी १२ लाख. आकडा वाचताना जीभ अडखळत नाही, म्हणूनच तो फसवा आहे. जरा मोजून बघू या.

२०११ च्या जनगणनेत १५ वर्षांवरचे निरक्षर निघाले २५ कोटी ७६ लाख. त्यात पुरुष ९ कोटी ८ लाख आणि बायका १६ कोटी ६८ लाख. २००९ ते २०१८ या काळात 'साक्षर भारत' योजना चालली आणि तिच्या परीक्षेत ७ कोटी ६४ लाख लोक उत्तीर्ण झाले. वजाबाकी करा, उरतात १८ कोटी १२ लाख. ही वजाबाकी सरकारी आहे; मधल्या वर्षांत किती जण वारले आणि किती जण नव्याने पंधराचे झाले, हे ती विचारत नाही. पण आजची सगळी योजना याच आकड्यावर बेतली आहे, तेव्हा आपणही तोच धरू.

आता ही सगळी मंडळी रेल्वेत बसवा. नव्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. अशा २२ डब्यांची गाडी म्हणजे १,७६० माणसं. गाड्या किती लागतील? एक लाख तीन हजार! मी नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरचा, आमचं स्टेशन लासलगाव, म्हणून फलाटावर तिथेच उभे राहू. दर दहा मिनिटांनी एक गाडी, गच्च भरलेली. रात्रंदिवस, सणवार न पाळता. शेवटच्या गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत ७१५ दिवस लागतील. दोन वर्षांना फक्त पंधरा दिवस कमी.

की गाड्या सोडूच नयेत? नुसते डबे एकामागे एक उभे करा. एक डबा साधारण २४ मीटरचा. रांग होते ५४ हजार किलोमीटरची. पृथ्वीचा घेर ४० हजार! भारतातल्या रेल्वेमार्गांची एकूण लांबी ६९ हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी पसरलेल्या रुळांच्या पाचातले चार भाग या डब्यांनी झाकून जातील. एकही मालगाडी हलायची नाही. कांद्याचीसुद्धा.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातले किती? २०११ च्या हिशोबाने सुमारे १ कोटी ६३ लाख. प्रत्येकाला अर्धा मीटर जागा देऊन रांगेत उभं केलं तर रांग ८,१५० किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे धरलं तर ही रांग सत्तावीस वेळा पुण्याला जाऊन सत्तावीस वेळा परत येते.

आणि नाशिक जिल्हा? २०११ मध्ये लोकसंख्या ६१ लाख ७ हजार, साक्षरता ८२.३१ टक्के. ब्याऐंशी ऐकायला झकास वाटतं, पहिल्या वर्गाच्याही वर. पण उरलेल्या टक्क्यांत सात वर्षांवरची नऊ लाखांहून जास्त माणसं बसली आहेत. त्यांची रांग विंचूरच्या तीनपाटीवरून सुरू करा. ती नाशिक ओलांडेल, कसारा घाट उतरेल, मुंबईत शिरेल, तिथून वळेल आणि घाट चढून परत तीनपाटीवर येईल. तरीही रांगेच्या शेपटीला कुणीतरी उरलेलंच असेल.

एवढ्या मोठ्या आकड्यांवरून एकदम एका चिठोऱ्यावर येऊ. विंचूरच्या उपबाजारात कांदा विकला की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. धरा, माल १८ क्विंटल ४० किलो, भाव १,६५१. (लिलावात बोली बहुधा अशीच एकावर येऊन थांबते.) गुणाकार होतो ३०,३७८ रुपये ४० पैसे. त्यातून हमाली जाते, तोलाई जाते, खाली निव्वळ रक्कम येते. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याला ३०,३७८ आणि ३,०३७ यांत फरक दिसतो तो फक्त लांबीचा. शेतात कांदे खांडायला जाणाऱ्या बाईपुढे तर पट्टीही येत नाही, मुकादमाची वही येते. किती दिवस भरले, उचल किती, खाडे किती, हे सगळं वहीला ठाऊक. बाईला ठाऊक असतं ते वही ज्याच्या खिशात आहे त्या मुकादमाचं तोंड. २५ कोटी ७६ लाखांत दर तिघांमागे जवळपास दोन बायका आहेत. ही वही कुणासमोर उघडते ते यावरून कळावं. जगाचाही हिशोब असाच आहे: पाऊणशे कोटींच्या आसपास निरक्षर प्रौढ, त्यात दोन तृतीयांश बायका.

बरं, सरकार काय करतंय? करतंय तर! २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी 'नवभारत साक्षरता कार्यक्रम', ज्याला आता 'उल्लास' म्हणतात. तरतूद १,०३७ कोटी ९० लाख रुपये, पैकी केंद्राचे ७०० कोटी, राज्यांचे ३३७ कोटी ९० लाख. उद्दिष्ट वर्षाला एक कोटी, पाच वर्षांत पाच कोटी माणसं.

हजार कोटी! ही रक्कम पाचशेच्या नोटांत मागवू. दोन कोटी साडेसात लाख नोटा. शंभर नोटांची गड्डी सेंटीमीटरभर जाड धरली आणि गड्डीवर गड्डी रचत गेलो तर ढीग २,०७५ मीटर उंच जातो. कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहून मान वर केली तरी आणखी चारशे मीटर नोटा! नोटांनी मन भरत नसेल तर रुपयाची नाणी घ्या आणि विहिरीत ओता. वीस फूट रुंद, पन्नास फूट खोल, निफाड तालुक्यात कुठेही दिसेल अशी विहीर. नाण्यांनी काठोकाठ भरलेल्या अशा वीस-एकवीस विहिरी होतील.

आता भागाकार करू. पाच कोटी माणसांत वाटा. माणशी येतात २०७ रुपये ५८ पैसे.

पाचशेची एक नोटही पुरी नाही. विहिरींचं म्हणाल तर प्रत्येकाच्या वाट्याला पेलाभर नाणी. वरच्या पट्टीतल्या भावाने साडेबारा किलो कांदा. यातच वाचन, लेखन, अंकज्ञान, पुस्तिका, प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र. रोज एक तास याप्रमाणे चार महिने शिकवलं तर १२० तास होतात; तासाला खर्च पावणेदोन रुपये.

हे नेहमीच इतकं स्वस्त होतं असं समजू नका. 'साक्षर भारत'चं उद्दिष्ट होतं ७ कोटी माणसं आणि मंजूर रक्कम ६,५०२ कोटी ७० लाख, म्हणजे माणशी ९२९ रुपये. तिचा नोटांचा ढीग १३ किलोमीटर उंच व्हायचा, एव्हरेस्टच्या जवळपास दीडपट. एव्हरेस्टहून आपण कळसूबाईवर उतरलो, आणि मधल्या काळात रुपयाही स्वस्त झाला! त्या वेळी ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र असे, तिथे प्रेरक असत आणि प्रेरकाला महिना २,००० रुपये मानधन मिळे. दिवसाला सदुसष्ट रुपयेही नाहीत. पण देशभरात दीड लाख केंद्रं आणि केंद्रामागे दोन प्रेरक धरले तर नुसतं मानधन वर्षाला ७२० कोटी होतं. 'उल्लास'चा वर्षाचा सगळा खर्च २०७ कोटी ५८ लाख. सरळ गणित आहे: मानधन वजा झालं आणि योजना स्वस्त झाली. २०१८ च्या मार्चमध्ये 'साक्षर भारत' संपली, तसे प्रेरकही संपले.

मोठे आकडे ठरवण्यात आपण कधी हात आखडता घेतला नाही, हे मात्र मानलं पाहिजे. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पाच वर्षांत १० कोटी माणसं शिकवायची होती. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, ८ कोटींसाठी. २००९ ला ७ कोटी, २०२२ ला ५ कोटी. बेरीज ३० कोटी! उद्दिष्टांना जर प्रमाणपत्रं मिळत असती तर देश केव्हाच साक्षर झाला असता. वर्षाला एक कोटीचा आजचा वेग अगदी चुकता पाळला तरी १८ कोटी १२ लाखांना अठरा वर्षं लागतात.

आणि गावातल्या, वस्तीतल्या संस्था? त्यांच्यासाठी वेगळी, बारीकशी वाट आहे. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. त्याच वंशातल्या संस्थांना आज जन शिक्षण संस्थान म्हणतात. बहुतेक स्वयंसेवी संस्थांच्याच हातात आहेत, निरक्षर आणि शाळा सुटलेल्यांना हातचं काम शिकवतात आणि केंद्राकडून अनुदान घेतात. २०१८ पासून त्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. २०२२ ते २०२६ साठी त्यांना ८५८ कोटी मिळाले. देशभरात अशा जवळपास तीनशे संस्था आहेत, म्हणजे सरासरी एका संस्थेला वर्षाला सत्तर लाखांच्या आसपास. यात पगार आले, शिलाई मशिनं आली, जागेचं भाडं आलं आणि पूर्ण एक जिल्हा आला. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावातल्या आजीबाईंच्या शाळेला तर हीसुद्धा वाट लागली नाही. ८ मार्च २०१६ ला शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली, एका धर्मादाय ट्रस्टने हातभार लावला आणि साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून वर्गात येऊन बसल्या. ती शाळा कुठल्याही उद्दिष्टात बसत नाही, म्हणून मला फार आवडते.

हजार कोटी नेमके किती मोठे, यावर एक शेवटचा दाखला द्यायचा मोह आवरत नाही. मुंबईचा अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब, खर्च १७,८४० कोटी. एका किलोमीटरला ८१८ कोटी. तेव्हा साऱ्या देशाच्या पाच वर्षांच्या प्रौढ साक्षरतेत सेतू किती बांधून होतो? सव्वा किलोमीटर. ताशी शंभरच्या वेगाने मोटार नेलीत तर शेचाळीस सेकंदांत योजना संपते. पाच कोटी माणसं, शेचाळीस सेकंद!

मग हे सगळं चालतं कशावर? स्वयंसेवकांवर, आणि खरे डोळे फिरवणारे आकडे इथे आहेत. 'उल्लास'मध्ये शिकवणाऱ्याला मानधन नाही. नात आजीला शिकवते, निवृत्त गुरुजी ओसरीवर वर्ग घेतात, अंगणवाडीताई दुपारची वेळ काढते. ही काही नवी कल्पना नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. १९५९ ला सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीमही लोकांच्याच बळावर चालली आणि पुढे राज्यभर गेली. पण आता लोकबळ हा सरकारी धोरणाचा मुख्य खांब आहे, आणि तो खांब कधी कधी हलतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात निरक्षर शोधायचं सर्वेक्षण शिक्षकांवर आलं तेव्हा शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला: आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलोय, आणखी हे कशाला? तरीही १७ मार्च २०२४ ला राज्यात परीक्षा झाली. दीडशे गुण, वाचनाला पन्नास, लेखनाला पन्नास, अंकांना पन्नास, प्रत्येकात ३३ टक्के हवेत. परीक्षेपर्यंत या माणसांना आणलं ते बिनपैशाच्या शिकवणीने.

मोजू या ही शिकवणी. दहा जणांमागे एक स्वयंसेवक धरा. पाच कोटींना लागतात पन्नास लाख. भारतीय रेल्वेत साधारण बारा लाख माणसं नोकरीला आहेत. म्हणजे चार रेल्वे भरतील एवढी माणसं, सगळी बिनपगारी. प्रत्येकाने रोज एक तास, चार महिने शिकवलं तर एकाचे १२० तास, पन्नास लाखांचे साठ कोटी तास.

साठ कोटी तास म्हणजे किती? एकच मास्तर नेमा. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, रजा नाही, बदली नाही, निवृत्ती नाही. त्याला लागतील अडीच लाख वर्षं! आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन साधारण तीन लाख वर्षं झाली म्हणतात. आफ्रिकेत दगडाचं हत्यार घडवणाऱ्यांपैकी कुणाला तरी सुरुवातीच्या काळातच उठवून हातात खडू द्यायला हवा होता. शेती यायची होती, चाक यायचं होतं, खुद्द अक्षर यायचं होतं. गुरुजी शिकवत राहिले असते आणि आज कुठे शेवटच्या आजीची सही झाली असती.

या साठ कोटी तासांचा सरकारी भाव शून्य. आपण रोजगार हमीचा लावू. महाराष्ट्रात २०२५-२६ ला तो दिवसाला ३१२ रुपये होता. साठ कोटी तासांचे आठ-आठ तासांनी साडेसात कोटी दिवस होतात. मजुरी २,३४० कोटी. मूळ योजनेच्या सव्वादोनपट रक्कम स्वयंसेवकच देशाला देत आहेत, तीही मातीकामाच्या दराने मोजली तर. ही मजुरी सरकारने उद्या चुकती केली तर योजनेचा एकूण आकडा जाईल ३,३७८ कोटींवर. अटल सेतूवर मोटार पुन्हा शंभरने सोडा. आता शेचाळीस सेकंदांऐवजी तब्बल अडीच मिनिटं लागतील, आणि समोर साडेसतरा किलोमीटर पूल अजून बाकी असेल.